आगरातला कॅमेरा आणि आषाढातलं ऊन

कोकणात घराबाहेर कॅमेरा लावायचा म्हटलं की लोक आधी विचारतात, कुठल्या कंपनीचा घेऊ, किती मेगापिक्सेलचा घेऊ. मी त्यांनाच उलट विचारते, तुमच्याकडे लाईट किती वेळा जाते आणि गेली की किती तासांनी येते? कारण आमच्या दापोली तालुक्यात, खास करून खाली किनाऱ्याकडच्या वाड्यांमध्ये, लाईट जाते ती नेमकी वाऱ्यापावसाच्या रात्री. एखादी झावळी तारेवर पडली की झालं, मग ती कुठे पडलीय हे शोधत वायरमन भर पावसात बॅटरी घेऊन लाईनीखालून फिरतो आणि ती सापडेपर्यंत सगळी वाडी काळोखात. आणि कॅमेरा पाहिजे असतो तो तेव्हाच ना. भिंतीतल्या प्लगवरचा कॅमेरा अशा रात्री टीव्ही-फ्रीजबरोबरच बंद पडतो, इन्व्हर्टर असला तरी तो पहिले काही तास, आणि पावसात तुटलेली लाईन काही तासांत येईलच असं नाही. म्हणून सोलर.

घरात आई आणि आत्या, दोघीही सत्तरीच्या पुढे. आई अजून आत्याला वन्सं म्हणते आणि आत्या तिला वहिनी, इतकी वर्षं एका घरात काढली तरी दोघींचं हे काही सुटलेलं नाही. घर रस्त्यापासून खाली आहे, चिऱ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून यावं लागतं, मग बेडं, म्हणजे आडव्या काठ्यांचं फाटक, मग खळं, म्हणजे अंगण, मग पडवी. मागे विहीर आणि त्यापलीकडे आगर, म्हणजे नारळ आणि पोफळींची बाग. आजूबाजूची घरं मुंबईकरांची, गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर सगळ्यांना कुलूप. माझ्या लहानपणी खळ्यात उभं राहून हाक मारली तरी तीन घरांतून ओ यायची, आता हाक मारली तर कावळे उडतात फक्त. दोघींना पुण्याला या म्हणून किती सांगितलं, पण आगर सोडून त्या यायच्या नाहीत आणि खरं सांगायचं तर त्यांनी यावं असं मलाही मनातून वाटत नाही, तिथे त्या ज्या ताठ मानेने राहतात तशा माझ्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणार नाहीत. पण मग रात्री साडेबाराला जाग आली की पुण्यातल्या छताकडे बघत बेडं लावलं असेल ना, हा विचार करत पडायचं, हे किती वर्षं चालणार.

आता थोडा हिशोब सांगते, कारण सोलरचं सगळं यश-अपयश हिशोबात आहे आणि दुकानात तो सहसा कोणी मांडून दाखवत नाही. चोवीस तास रेकॉर्डिंग करणारा, सिमकार्डवर चालणारा फिरता कॅमेरा सरासरी ५ वॉट खातो असं धरा, म्हणजे दिवसाला १२० वॉट-तास. आणि छोटी सोलर प्लेट लावून मिळतात त्या कॅमेऱ्यांच्या पोटात बॅटरी असते समजा १०,००० एमएएचची, म्हणजे १० अँपिअर-अवरची, तिला ३.७ व्होल्टने गुणलं की भरतात जेमतेम ३७ वॉट-तास. म्हणजे चोवीस तास जागं राहायचं तर अशा तीनपेक्षा जास्त बॅटऱ्या रोज लागल्या असत्या. मग हे कॅमेरे महिनोन्महिने चालतात कसे? तर ते झोपतात. कॅमेरा बंद, प्रोसेसर जवळजवळ बंद, जागा असतो तो फक्त एक बारीकसा पीआयआर सेन्सर, आणि तो चित्र बघत नाही, तो उष्णता बघतो. समोरून माणूस, कुत्रा, गाय, कुठलंही गरम अंगाचं काही हललं की त्याला फरक जाणवतो, तो कॅमेऱ्याला उठवतो, कॅमेरा दहा-वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करतो, मोबाइलवर सूचना पाठवतो आणि परत झोपतो. अशा झोपाळू कॅमेऱ्याला दिवसाला दोन-तीन वॉट-तास पुरतात. आणि ६ वॉटची प्लेट चांगल्या कडक उन्हाच्या दिवशी, पाच तासांचं पूर्ण ऊन धरून, तारेतली आणि चार्जिंगमधली गळती वजा करून वीसेक वॉट-तास देते. म्हणजे एक उन्हाचा दिवस आठवडाभराची बेगमी करून ठेवतो. डिसेंबर ते मे हा प्रश्न इथेच संपला.

पीआयआरची एक खोड मात्र माहिती हवी. त्याच्यासमोरून आडवं कोणी गेलं तर तो लगेच पकडतो, सरळ त्याच्या रोखाने चालत आलं तर बऱ्याच उशिरा पकडतो. त्यामुळे पाखाडीच्या नाकासमोर कॅमेरा लावला तर येणारा माणूस खळ्यात पोचल्यावर त्याला जाग येणार. आमचा कॅमेरा म्हणून पडवीच्या कोपऱ्याला आहे, पायऱ्या उतरणारा माणूस त्याच्यासमोरून डावीकडून उजवीकडे जातो आणि बेड्याला हात लावायच्या आतच पकडला जातो. दुसरं म्हणजे मे महिन्यातली दुपार. चिऱ्याचा गडगा म्हणजे कुंपणाची भिंत, खळ्यातली जमीन, पत्रा, सगळंच अंगाइतकं नाहीतर अंगापेक्षाही जास्त तापलेलं असतं, मग माणूस आणि मागची भिंत यांच्यातला फरकच सेन्सरला कमी जाणवतो. कुणी सांगितलं की आमचा कॅमेरा हिवाळ्यात बरोबर चालायचा आणि मेमध्ये अर्धे लोक सोडून देतो, तर कॅमेरा बिघडलाय असं लगेच धरू नका, संध्याकाळी गार झाल्यावर परत बघा.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग, ऊन. प्लेट दक्षिणेकडे तोंड करून लावायची हे सगळे सांगतात आणि वर्षभराचा हिशोब केला तर ते बरोबरच आहे. डिसेंबरात आमच्याकडे दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४९ अंशांवरच चढतो, तेव्हा दक्षिणेकडे कललेली प्लेट ते ऊन छान घेते. पण दापोलीचा अक्षांश आहे पावणेअठराच्या आसपास, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी खळ्यातल्या तुळशी वृंदावनाची सावली त्याच्याच पायाशी गोळा होते, आणि त्या दिवसानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आमच्या डोक्याच्या उत्तरेला असतो. उत्तरेला! शाळेत भूगोलात हे शिकलेलं असतं पण ते आपल्या घराच्या भिंतीवर कधी लावून बघितलेलं नसतं. आता विचार करा, दक्षिणेच्या भिंतीवर, वळचणीखाली, चांगली उभट कलती करून बसवलेली प्लेट. डिसेंबरात मजेत चार्ज होते. आणि जूनमध्ये, जेव्हा ढगांतून मिळेल तो कण न कण गोळा करायचा असतो तेव्हा, सूर्य भिंतीच्या मागे आणि वर पागोळ्यांचं छप्पर. बॅटरी उतरली की लोक म्हणतात सोलर कोकणात चालत नाही. सोलर चालतं हो, त्या भिंतीवर चालत नाही.

म्हणून प्लेट आणि कॅमेरा वेगळे करायचे. कॅमेरा वळचणीखाली, म्हणजे त्याच्या काचेवर पाऊस येत नाही, आणि प्लेट उघड्यावर, चारही बाजूंनी आभाळ दिसेल अशा जागी. आमची प्लेट खळ्याच्या टोकाला जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपवर आहे. सोबत येणारी केबल साधारण तीन मीटरची असते आणि तेवढ्यात पुरवायच्या नादात लोक प्लेट कॅमेऱ्याच्या शेजारीच ठोकतात, त्यापेक्षा जादा केबल घ्यावी, पैसे फार लागत नाहीत. केबल कॅमेऱ्यात जाते तिथे आधी खाली एक झोळ सोडायचा आणि मग वर घेऊन पिन लावायची, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकून जातं, पिनपर्यंत पोचत नाही. आमच्या वायरमनने हे करताना माझ्याकडे बघून सांगितलं, "ताई, कोकणात पाणी वरनं कमी नि तारेवरनं जास्त घरात येतं." पिनेवर त्याने रबरी टेप ताणून ताणून गुंडाळली, आणि खाऱ्या हवेने गंजू नयेत म्हणून नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्यायला लावले. या माणसाचं काम बघताना मला फार बरं वाटलं, घाई नाही, शंभरदा खाली उतरून आभाळाकडे बघणं, दुपारी तीनला नारळाची सावली कुठपर्यंत येते ते आईला विचारणं.

सावलीचं खरंच इतकं महत्त्व आहे. प्लेटमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, एका सेलवर सावली पडली की त्याच्यातून जाणारा प्रवाह अडतो आणि त्याच्या पाठीमागचे उन्हातले सेलसुद्धा अडून बसतात. मोठ्या प्लेटमध्ये यावर उपाय म्हणून अडलेल्या सेलना वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे बायपास डायोड असतात, या लहान प्लेटमध्ये बऱ्याचदा नसतात. त्यामुळे हाताच्या पंजाएवढं फणसाचं पान पडून राहिलं तरी उत्पादन पंजाएवढं कमी होत नाही, निम्म्याहून जास्त जातं. आणि आंब्याखाली तर प्लेट लावूच नये. सावली राहू दे बाजूला, मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात आणि त्यांच्या अंगातून गोड चिकट स्राव गळतो, तो खालच्या पानांवर, पत्र्यावर, प्लेटवर पडतो आणि मग त्यावर काळी बुरशी धरते. आंबेवाल्यांना ही काळी पानं चांगली माहीत आहेत. प्लेटच्या काचेवर तो थर बसला की नुसत्या पाण्याने जात नाही, कोमट पाण्यात फडकं भिजवून पुसावं लागतं आणि तेही सकाळी, काच तापायच्या आत. हे काम आईने स्वतःहून घेतलं. तुळशीला पाणी घालून झालं की आठवड्यातून एकदा ती काठीला फडकं बांधून प्लेट पुसते आणि मला फोनवर सांगते, "आज पुसली हो, किती टक्के दाखवते बघ."

शेजारच्या वाडीतल्या एका दादांनी छतावर मोठं सोलर बसवलंय, सरकारची पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली त्यातून, ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, बिल जवळजवळ शून्यावर आलं, ते खूश आहेत आणि असायलाच पाहिजे. पण त्यांना वाटलं होतं की आता लाईट गेली तरी आपल्याकडे असणार, कॅमेरे चालू राहणार, आणि पहिल्याच वादळात सगळं बंद. दोष कोणाचाच नाही. अशी लाईनला जोडलेली बॅटरीशिवायची यंत्रणा लाईट गेली की आपोआप बंद होते, तशी ती बनवलेलीच असते, कारण तुमच्या छतावरची वीज तुटलेल्या लाईनीत उलटी गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. हे मला फार पटतं. पण याचा अर्थ असा की घरावर सोलर आहे म्हणून कॅमेरा काळोखात चालेलच असं धरून चालू नका, त्याची स्वतःची छोटी प्लेट आणि स्वतःची बॅटरी पाहिजे. त्याचा अजून एक फायदा म्हणजे वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा लाईनीतून झटका येऊन आमच्याकडे टीव्ही गेलेत, राउटर गेलेत, या कॅमेऱ्याला ती लाईनच जोडलेली नाही, त्यामुळे त्या वाटेने येणारा धोका तेवढा टळला.

आता आषाढ. कोकणातल्या सोलरची खरी परीक्षा. झड लागली की तीन-तीन चार-चार दिवस सूर्य कुठे आहे हेही कळत नाही, दुपारी बाराला पडवीत दिवा लावावा लागतो. अशा दाट ढगांच्या दिवशी प्लेट तिच्या नेहमीच्या दहा ते वीस टक्केच देते, म्हणजे आमच्या ६ वॉटच्या प्लेटचे वीसऐवजी दोन, तीन, फार तर चार वॉट-तास. आणि कॅमेऱ्याला रोज लागतात दोन-तीन. म्हणजे जेमतेम हातातोंडाशी गाठ. त्यात काचेसमोर कोळ्याने जाळं विणलं, रात्री अगदी जवळ किडे आले, वाऱ्याने केळीची पानं हलली की कॅमेरा उगाच उठतो, रेंज कमी असली की सिम टॉवर शोधत बसतं आणि तेही बॅटरी खातं. मग जूनच्या सुरुवातीलाच सेटिंग बदलायची. सेन्सरची तीव्रता एक पायरी खाली, फक्त माणूस दिसला तरच सूचना, क्लिप दहा सेकंदांची, रात्रीचा पांढरा फ्लडलाइट बंद. प्लेटची कलती कमी करून ती आभाळाकडे जास्त उघडी करायची, कारण ढगाळ दिवसात उजेड एका दिशेने येत नाही, सगळ्या आभाळातून झिरपतो, पण अगदी आडवी नाही, दहा-पंधरा अंश उतार ठेवायचाच म्हणजे पाणी आणि शेवाळ साचत नाही. आणि सगळाच जुलै काही झडीचा नसतो, मध्ये उघडीप पडते, दोन तास धुतल्यासारखं स्वच्छ ऊन येतं आणि बॅटरी चढते, ते बघताना मला आगरातल्या माणसांचं म्हणणं आठवतं की पावसाळ्यातलं ऊन सोन्याच्या भावाचं, लोकांच्या सुकवायच्या सुपाऱ्या असतात आणि माझे असतात टक्के.

पण सगळ्यात जास्त बॅटरी खातो तो बाहेरचा कोणीही नाही, मोबाइलवर लाइव्ह बघणारा घरचा माणूस. लाइव्ह चालू असताना कॅमेरा, प्रोसेसर, सिम सगळं पूर्ण जागं असतं, तीन-चार वॉट जातात, अर्धा तास बघत बसलं की पाच टक्के बॅटरी गेली. उन्हाळ्यात याचं काही वाटत नाही. झडीत ते पाच टक्के म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवसाचा खर्च. हे कळल्यावर मी पावसाळ्यात लाइव्ह उघडणं जवळजवळ सोडलं आणि त्यावर मी बराच विचार केलाय. आपण लाइव्ह का उघडतो? कोणी आलंय म्हणून नाही. आपल्याला करमत नाही म्हणून, काळजी वाटते म्हणून, ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत खळं दिसलं की जिवाला बरं वाटतं म्हणून. ती गरज खोटी नाही. पण त्या रिकाम्या खळ्याकडे बघून आईला बरं आहे की नाही हे मला काहीच कळत नाही, तिचा गुडघा दुखतोय का, आत्याने औषध घेतलं का, हे त्यात दिसत नाही. फोन केला की कळतं. मग जून ते सप्टेंबर दुपारी मी फोन करते. सोलर कॅमेऱ्याची शक्ती थोडी असते आणि ती कशावर खर्च करायची हे ठरवावं लागतं, मला वाटतं हे त्याचं चांगलंच आहे. चोवीस तास नजर ठेवायची सोय असती तर मी ती ठेवली असती आणि त्या दोघींचं घर हळूहळू माझ्या मोबाइलमधली एक खिडकी होऊन गेलं असतं. आता कॅमेरा बेड्याशी कोणी आलं तरच उठतो आणि तेवढंच त्याचं काम आहे.

ज्यांना खरंच चोवीस तासांचं रेकॉर्डिंग लागतं, बागायतदारांना आंब्याच्या दिवसांत लागतं, त्यांनी छोट्या किटच्या नादी लागू नये. १२० वॉट-तासांचा रोजचा खर्च धरून १०० वॉटची प्लेट आणि १२ व्होल्ट ४० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी, तिच्यात ५०० वॉट-तास मावतात, तीन-चार दिवस सूर्य नाही दिसला तरी निभतं. साधी लेड-अ‍ॅसिड स्वस्त पडते पण ती निम्म्याच्या खाली उतरवत गेलं की लवकर मरते, म्हणजे दुप्पट मोठी घ्यावी लागते. प्लेट आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरीत जाणारी वीज आवरणारी पेटी, हवाच, कारण १२ व्होल्टची म्हणून मिळणारी प्लेट उन्हात मोकळी असताना २१-२२ व्होल्ट दाखवते. आणि इन्व्हर्टर मध्ये घालू नये, १२ व्होल्टचं २३० करायचं आणि अ‍ॅडॉप्टरने परत १२ करायचं यात वीज फुकट जाते, कॅमेरा थेट १२ व्होल्टवर चालणारा घ्यावा. बॅटरीची पेटी पत्र्याच्या छताखाली ठेवू नये, उष्णतेने लिथियमचं आयुष्य घटतं, सावलीत भिंतीला लावावी. कॅमेरा घेताना एक बघावं, २०२५ च्या एप्रिलपासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारने ठरवलेली सुरक्षा चाचणी लागू झाली आहे, चाचणी झालेलाच घ्यावा, शेवटी आपल्या घराचं दार आपण त्याला दाखवत असतो. आणि पासवर्ड बदलावा. हे सांगायला लागू नये पण लागतं.

मध्यंतरी एका दुपारी सूचना आली, बेड्याशी दोन अनोळखी माणसं, खांद्याला पिशवी. एक जण बेड्याची आडवी काठी सरकवत होता. दोघी जेवून आत आडव्या झालेल्या असणार ही वेळ. मी कॅमेऱ्याच्या स्पीकरवरून विचारलं, "कोण पाहिजे तुम्हाला?" तो दचकला, वर खाली बघितलं, मग म्हणाला भांडी आणि दागिने पॉलिश करून देतो. दागिने पॉलिशच्या नावाखाली म्हाताऱ्या बायकांना फसवल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. मी म्हटलं नको आहे, घरात माणसं झोपलीयेत, काठी परत लावा. त्याने लावली आणि दोघे पाखाडी चढून गेले. ते खरंच कारागीर असतील, मला माहीत नाही, पण त्या दोघींना दार उघडून समोर उभं राहून नाही म्हणावं लागलं नाही, तेवढ्यासाठी मला हे सगळं हवं होतं.

घरगुती सुरक्षा कॅमेऱ्याची सुरुवातच अशा एका बाईपासून झाली आहे. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागात राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन, नर्स होती, नवऱ्याच्या आणि तिच्या कामाच्या वेळा अवेळी, रात्री घरात एकटी असायची आणि बोलावलं तर पोलीस लवकर यायचे नाहीत. तिने आणि नवऱ्याने मिळून दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आत टीव्हीचा पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय आणि लांबून दार उघडायचं बटण अशी यंत्रणा आखली, १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरात ते मिळालं. दार न उघडता विचारता यावं, कोण पाहिजे. किती साधी मागणी आहे. सिलिकॉनचा सोलर सेल त्याच्याही आधीचा, १९५४ मध्ये बेल लॅब्जने दाखवलेला, तेव्हा तो उन्हातल्या सहाएक टक्के ऊर्जेची वीज करायचा, आता बाजारातल्या चांगल्या प्लेट वीस टक्क्यांच्या वर जातात. या दोन्ही गोष्टी आमच्या खळ्यात एकत्र यायला इतकी वर्षं लागली.

याने सगळं होतं असं मात्र मी कोणाला सांगत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड भागात खांब आडवे झाले, कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले, पोफळीच्या बागाच्या बागा झोपल्या आणि मोबाइलचे टॉवरही बंद पडले. आई-आत्या सुखरूप आहेत हे मला कळलं ते एका ओळखीच्या माणसाने दापोलीहून पुढे येऊन रेंजमधून फोन केला तेव्हा. तेव्हा हा कॅमेरा असता तर तो चालू राहिला असता, मेमरी कार्डावर रेकॉर्डही केलं असतं, पण मला एक अक्षर कळवू शकला नसता. सिम टॉवरवर जगतं. त्यामुळे कॅमेरा लावला म्हणून वर रस्त्यावरच्या दुकानदाराचा नंबर, वायरमनचा नंबर, पलीकडच्या वाडीतल्या वहिनींचा नंबर हे जुने धागे सैल करायचे नाहीत, मी ते उलट जास्त घट्ट केलेत, महिन्यातून एकदा तरी या सगळ्यांशी बोलते.

आत्याची हरकत पहिल्यापासून होती आणि ती रास्त होती. तिचं म्हणणं, "पडवीत मी पाय पसरून बसत्ये, विडा खात्ये, ते पुण्यात बसून बघायचं नाही कोणी." आई म्हणाली, "वन्सं, ती कशाला बघत्ये तुम्हाला." आत्या म्हणाली, "बघत्ये की नाही हा प्रश्न नाही वहिनी, बघता येता कामा नये." मला हे इतकं पटलं की वायरमन परत आला तेव्हा आत्यालाच मोबाइल हातात देऊन उभं केलं आणि तिने सांगितलं तसा तो कॅमेरा फिरवत गेला, अजून डावीकडे, अजून, आता पडवीची पायरी दिसत्ये ती जाऊ दे, हां, बास. चित्राचा उरलेला एक कोपरा ॲपमधून काळा केला, आणि तो सेन्सरच्या पट्ट्यातूनही काढून टाकला. पाखाडीचा वरचा भाग सामायिक आहे, शेजारच्या घरातली माणसं गणपतीला आली तेव्हा त्यांनाही चित्र दाखवलं, त्यांचं दार यात येत नाही हे त्यांच्या डोळ्यांनी बघू दिलं. सामायिक वाटेवर कॅमेरा लावून शेजाऱ्यांना न सांगणं मला बरोबर वाटत नाही, मग घर कितीही आपलं असू दे.

रात्री मात्र आत्याच आता पहिली चौकशी करते, काल काय आलं होतं. बहुतेक काही नसतं. पावसाळा सोडून बाकीच्या दिवसांत मी प्राण्यांच्याही सूचना चालू ठेवते, तेव्हा कधी उदमांजर गडग्यावरून जातं, एकदा साळिंदर आलं होतं, काटे मागे दाबलेले, जड पोट हलवत खळं ओलांडलं आणि वृंदावनापाशी थांबून असं काही हुंगत होतं की क्लिप संपली तरी त्याचं हुंगणं चालूच. आत्याने ती क्लिप तीन वेळा बघितली आणि म्हणाली, हाच तो, हाच रोपांचे कोंब खातो. नारळाची नवी रोपं लावलीत त्यांच्या बुंध्याला आता जाळी बसवलीये. विहिरीच्या बाजूला दुसरा कॅमेरा हवा असं तिचंच म्हणणं आहे, पण तिकडे पोफळींची सावली दिवसभर हलत नाही, प्लेट लावायची तर विहिरीपासून खळ्यापर्यंत पंधरा मीटर केबल ओढावी लागेल आणि एवढ्या लांब पाच व्होल्ट नेलं तर वाटेतच बरंचसं गळतं, म्हणजे तिथे १२ व्होल्टचीच मोठी प्लेट आणि वेगळी बॅटरी आली. वायरमनला ऑक्टोबरात बोलावलंय, पाऊस सरला की आधी खळ्यातली प्लेट परत दक्षिणेकडे कलती करायची आणि मग विहिरीचं माप घ्यायचं.